करमाफीचा मुलूख आणि म्हातारपणाचे घर

आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातले तेरेखोल नदीच्या उत्तर काठावरचे गाव. समोरच्या काठावर किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. पूर्वी होडीने पलीकडे जावे लागे, आता पूल आहे. पूल ओलांडला की पेट्रोलचा दर बदलतो, दारूचा बदलतो, गाडीच्या पाटीवरची अक्षरे बदलतात. अशा गावात राहणाऱ्या माणसाला कर या विषयाचे कुतूहल वाटले तर नवल नाही. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही. जुनी गॅझेटियरे, तहनामे आणि कायद्याची पुस्तके हाती लागतील तशी वाचत गेलो, एवढीच माझी तयारी.

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याहून निवृत्त होऊन येणारी माणसे एक प्रश्न हमखास विचारतात. "घर आपल्यात बांधू की पलीकडे? कर कुठे कमी?" कोणी सिक्कीमचे नाव घेतो, कोणाचा भाचा दुबईत असतो, कोणाची मुलगी अमेरिकेत 'इन्कम टॅक्स नसलेल्या' राज्यात असते. उतारवयात कर नसलेल्या मुलखात जाऊन राहावे, ही कल्पना नवी वाटते. पण आमच्या नदीच्या दोन्ही काठांनी तिची परीक्षा दीडशे वर्षे पाहिली आहे. तिचा निकाल काय लागला, ते मांडण्याचा हा प्रयत्न.

तीन सत्ता, एक खाडी

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. तेरेखोलच्या मुखावरचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधला. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला आणि पुढे सोडला नाही. किल्ला नदीच्या उत्तरेला असूनही आज गोव्यात आहे, तो त्यामुळे. १७८८ मध्ये सावंतवाडीने पेडणे प्रांत पोर्तुगीजांना दिला. १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले आणि १८१९ च्या तहाने रेडीच्या यशवंतगडासह किनारपट्टीही गेली. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतच चित्र असे झाले : आरोंदा संस्थानात, समोरचा काठ पोर्तुगीजांकडे, आणि रेडी-शिरोडे इंग्रजांकडे. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत तीन राजवटींत पाय ठेवून येऊ शकत होता.

हिंदुस्थानात आयकर आला १८६० मध्ये. सत्तावन्नच्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. पाच वर्षांनी तो बंद झाला, पुढे वेगवेगळ्या रूपांत येत-जात राहिला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा झाला. त्या कायद्यानुसार वर्षाला ५०० रुपयांपेक्षा कमी मिळवणाऱ्याला कर नव्हता. ५०० ते २,००० रुपयांना रुपयामागे ४ पै आणि त्यावर ५ पै, म्हणजे शेकडा सुमारे २.६. शेतीचे उत्पन्न कायद्याने वगळले.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा. संस्थानांचा कारभार त्यांच्या त्यांच्या दरबाराकडे. काही संस्थानांनी आपापला आयकर बसवला, अनेकांनी बसवला नाही, आणि जिथे होता तिथे तो बहुधा इंग्रजी मुलखापेक्षा हलका होता. विसाव्या शतकात याचा फायदा पेढीवाल्यांनी आणि गिरणीमालकांनी घेतला. संस्थानात कारखाना काढायचा, नफा तिथेच ठेवायचा, ब्रिटिश हद्दीत आणायचा नाही. पैसा हद्द ओलांडून आला की कर लागे, न आला तर सुटे.

पण आमच्या भागातला माणूस कारखानदार नव्हता, तो चाकरमानी होता. मुंबईच्या गिरणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्याला महिन्याला पंधरा-वीस रुपये मिळत. वर्षाचे दोनअडीचशे. आयकराच्या उंबरठ्यापासून तो इतका दूर होता की तो कर आहे की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. १९०३ मध्ये हा उंबरठा १,००० रुपयांवर आणि १९१९ मध्ये २,००० रुपयांवर गेला, तेव्हा तर तो अधिकच दूर गेला. म्हणजे आयकराच्या हिशेबाने गिरणगावातली चाळ आणि आरोंद्यातले घर, दोन्ही सारखीच करमुक्त.

त्याच्याकडून कर घेतला गेला तो मिठातून. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला अडीच रुपये झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो उतरला आणि १९२३ मध्ये एका वर्षापुरता पुन्हा अडीचवर गेला. कर द्यायला त्याला कोणत्याही कचेरीत जावे लागत नव्हते, तो पेजेच्या ताटातून जात होता. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला त्यामागे हा अनुभव होता.

पोर्तुगीज काठाची गोष्टही याहून वेगळी नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोवा आणि ब्रिटिश मुलूख यांच्यामधली जकातीची रेषा पुसली गेली. ऐकायला गोड वाटते. पण त्या बदल्यात गोव्यातल्या मिठाचा आणि अबकारीचा ताबा इंग्रजांच्या पद्धतीखाली गेला, पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये भरपाई मिळू लागली आणि मिठागरांवर जगणाऱ्यांचे कंबरडे मोडले. १८९२ मध्ये तहाची मुदत संपली आणि रेषा पुन्हा आखली गेली. एक कर उठला की दुसरा कोणाच्या तरी पानात वाढला जातो, हे या खाडीने फार लवकर पाहिले.

पेन्शनर कुठे जात होते?

मग ज्यांना खरोखर निवृत्तिवेतन होते, त्यांनी काय केले? कोकणात असा पहिला मोठा वर्ग लष्करी पेन्शनरांचा. मुंबई इलाख्याच्या फौजेत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची माणसे मोठ्या संख्येने होती आणि दापोली हे तर पेन्शनरांचे ठाणेच बनले होते. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहिले. १८८८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध केले. १८९० च्या दशकात सुभेदार रामजी सकपाळ महूहून निवृत्त होऊन आपल्या कुटुंबासह दापोलीलाच आले. या कुटुंबातला धाकटा मुलगा म्हणजे भीमराव.

या पेन्शनरांनी जागा निवडली ती कराकडे पाहून नव्हे. ओळखीची माणसे होती, मूळ गाव जवळ होते आणि पेन्शन वेळेवर मिळत होती. पण दापोलीत महार पेन्शनरांना आपल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी झगडावे लागले. रामजींनी पुढे साताऱ्याला काम मिळवले आणि कुटुंब तिकडे नेले. सरकारी तिजोरी त्यांना ओळखत होती, त्यांच्या नावाने दरमहा पैसे काढत होती. गावची शाळा मात्र त्यांच्या मुलांना आपली म्हणायला तयार नव्हती. निवृत्तीसाठी जागा पाहणाऱ्याने या प्रसंगातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. हाती पैसा किती राहतो आणि त्या पैशाने आपल्याला तिथे काय मिळू दिले जाते, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

आमच्याकडे परतणाऱ्या चाकरमान्याची ओढ आणखी वेगळी होती. आरोंद्यात सातेरी भद्रकालीचे देवस्थान आहे, गावऱ्हाटी आहे, घराण्यांचे मान आहेत. वर्षभर मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहिलेल्या माणसाला जत्रेत आपल्या घराचा मान कोणता हे ठाऊक असते. त्याच्यासाठी निवृत्ती म्हणजे जागा निवडणे नव्हतेच. राखून ठेवलेल्या जागेवर परत बसणे होते. त्या राखणीसाठी तो आयुष्यभर मनीऑर्डर करत होता. खरे पाहता तोच त्याचा कर होता, आणि तो बुडवल्याचे मी तरी कोणत्या घरात ऐकलेले नाही.

विलीनीकरणानंतर

१९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९४९ च्या कायद्याने भारताचा आयकर विलीन संस्थानांना लागू झाला. दर एकदम अंगावर पडू नयेत म्हणून त्याच वर्षी सवलतींचा स्वतंत्र आदेश निघाला. अशा रीतीने आमचा काठ आयकराच्या छत्राखाली आला.

समोरचा काठ अजून बाहेर होता. तिथे पोर्तुगीज राजवटीतले कर होते, पण भारतीय आयकर नव्हता, आणि परदेशी माल स्वस्त मिळे. कागदावर पाहिले तर १९५० च्या दशकात करापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने होडीत बसून पलीकडे जावे अशीच स्थिती होती. प्रत्यक्षात काय झाले? गोवा मुक्तीचा लढा तापला. १९५५ मध्ये भारताने गोव्याशी असलेले व्यवहार तोडले. मालाची, माणसांची, पैशांची ये-जा आवळली गेली. ज्या पेडणेकर घरांत मुंबईच्या नोकरीचा पैसा येत होता त्यांना याची झळ लागली. कर कमी असलेल्या काठावर घर होते, पण त्या घरापर्यंत पोचायला परवाना लागत होता. ज्याची मिळकत एका मुलखात आणि म्हातारपण दुसऱ्यात, त्याच्या डोक्यावर अशा बंद दाराची टांगती तलवार नेहमीच असते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आयकर तिथे १ एप्रिल १९६३ पासून लागू झाला. नदीचे दोन्ही काठ एका कायद्याखाली आले. एक फरक मात्र आजही उरला आहे. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा टिकून राहिला आणि त्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात १९९४ साली कलम ५-अ घातले गेले आणि ते १९६३ पासून लागू मानले गेले. अशा दांपत्याचे भाडे, व्याज, धंद्याचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते आणि दोघांच्या नावे वेगळा कर बसतो. साहजिकच तो कमी होतो.

हे ऐकून पलीकडे घर घ्यायला निघालेल्या माणसाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, पगाराचे उत्पन्न या वाटणीतून वगळलेले आहे आणि पेन्शन कायद्याने पगारातच मोडते. दोन, ही सवलत गोव्याच्या जमिनीला चिकटलेली नाही, त्या नागरी कायद्याखाली येणाऱ्या कुटुंबाला चिकटलेली आहे. केवळ पेडण्यात फ्लॅट घेतला म्हणून ती मिळत नाही.

माफी जागेला नसते

सिक्कीमचीही गोष्ट हीच आहे. सिक्कीम २६ एप्रिल १९७५ रोजी भारतात सामील झाले. आयकर कायदा तिथे १९९० मध्ये पोचला. २००८ मध्ये केंद्राने सिक्कीमी व्यक्तींना करमाफी दिली आणि ती १९९० पासून लागू केली. पण 'सिक्कीमी' कोण याची व्याख्या जुन्या प्रजा-नोंदवहीवर आधारलेली होती. विलीनीकरणापूर्वीपासून तिथे राहणारी, मूळची भारतातली व्यापारी कुटुंबे बाहेर राहिली. सिक्कीमबाहेरच्या पुरुषाशी लग्न केलेल्या सिक्कीमी स्त्रियाही बाहेर राहिल्या. त्या न्यायालयात गेल्या, आणि १३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांच्या बाजूने निकाल दिला. आरोंद्यातला निवृत्त कारकून गंगटोकला जाऊन राहिला तर त्याला यातले काही मिळणार नाही. ईशान्येकडच्या काही भागांत आणि लडाखमध्ये अनुसूचित जमातींना मिळणारी माफीही अशीच आहे. ती त्या जमातीच्या, त्याच भागात राहणाऱ्या माणसाची आहे, बाहेरून येऊन राहणाऱ्याची नाही.

आपल्या राज्यघटनेने शेतीव्यतिरिक्त उत्पन्नावर आयकर बसवण्याचा अधिकार केंद्राला दिला. राज्यांच्या वाट्याला शेती-उत्पन्नावरचा कर आला. त्यामुळे 'आयकर नसलेले राज्य' हा शब्दप्रयोग भारतात राज्याच्या सीमेपुरता फारसा अर्थ देत नाही. अर्थ आहे तो जमिनीच्या बाबतीत. शेतीचे उत्पन्न १८८६ पासून वगळले गेले ते आजही वगळलेलेच आहे. १९७३ पासून मोठे इतर उत्पन्न असणाऱ्याच्या बाबतीत ते कराचा दर ठरवताना मोजले जाते, एवढाच फरक. नारळ, सुपारी, काजूची बी विकून येणाऱ्या पैशावर कर नाही. म्हणजे करमुक्त मुलूख शोधत सिक्कीमपर्यंत जाणाऱ्या माणसाच्या परसातला माडांचा भाट हाच एक छोटा करमुक्त मुलूख आहे. पण त्यातही प्रवेश सर्वांना नाही. १९४८ च्या कूळकायद्यानुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गोव्यानेही २०२३ मध्ये शेतजमिनीच्या विक्रीवर असेच निर्बंध घातले. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असेल तर नातू आत, नाहीतर बाहेर. इथेही माफी नात्यातूनच येते.

बाहेरचा अनुभव

आमच्या किनाऱ्यावरची पुष्कळ कुटुंबे आखातातल्या नोकरीवर उभी राहिली. तिथे पगारावर आयकर नाही. पण तिथला मुक्काम नोकरीच्या परवान्याशी बांधलेला. नोकरी संपली की विमान पकडायचे. अलीकडे संयुक्त अरब अमिरातीने पंचावन्न ओलांडलेल्या सधन परदेशी माणसांसाठी निवृत्तीचा व्हिसा काढला, पण साध्या फोरमनच्या किंवा ड्रायव्हरच्या ऐपतीबाहेरची ती गोष्ट आहे. त्याच्यासाठी हिशेब जुनाच राहिला. कर नाही, पण तिथे म्हातारे होण्याची सोयही नाही. त्याच्या दुखण्याचा आणि म्हातारपणाचा भार त्या देशाने कधी उचललाच नाही. मग त्यासाठी कर कशाला घ्यावा लागेल?

अमेरिकेत राज्यांना स्वतंत्र आयकर बसवता येतो, म्हणून तिथे ही तुलना खरोखर होते. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा, टेनेसी, वॉशिंग्टन, वायोमिंग, साउथ डाकोटा, अलास्का आणि न्यू हॅम्पशायर या नऊ राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी निवृत्तांच्या गप्पांत ही यादी येते. पण टेक्सास आणि न्यू हॅम्पशायर घरपट्टीतून भरून काढतात, टेनेसी विक्रीकरातून. फ्लोरिडात वादळांमुळे घराचा विमा महाग. आणि केंद्राचा आयकर या नऊही राज्यांत आहेच. इतकेच नव्हे, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला माणूस उद्या आरोंद्याला येऊन राहिला तरी त्याला तिकडचे विवरणपत्र भरावेच लागते. १८७८ च्या तहाने मिठाच्या बाबतीत जे शिकवले, तेच तिथे घरपट्टीच्या पावतीवर लिहिलेले आहे.

आज नदीवर

आता पुन्हा पुलाजवळ येऊ. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे आयकर लागत नाही. गावात परतणाऱ्या बहुतेक पेन्शनरांची वर्षाची मिळकत याच्या आतली. गिरणी कामगारांचे तर विचारूच नका. १९८२ च्या संपानंतर जे परतले ते निवृत्त होऊन नव्हे, काम गेले म्हणून परतले. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत २०१४ पासून किमान रक्कम महिना १,००० रुपये ठरली आहे. या माणसाला करमुक्त राज्याचे आमिष कोण दाखवणार? त्याच्यासाठी संपूर्ण भारतच करमुक्त आहे, आणि तरी महिनाअखेर गोळ्यांचे पैसे पुरत नाहीत.

त्याचा खरा प्रश्न दवाखान्याचा आहे. मोठे दुखणे आले की आमच्याकडची माणसे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातात. पिढ्यान् पिढ्यांची ही वाट आहे. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यांतल्या रुग्णांना शुल्क लावले आणि सिंधुदुर्गात संतापाची लाट उठली, आंदोलने झाली. गोवेकरांचे म्हणणेही खोटे नव्हते. रुग्णालय त्यांच्या करातून चालते, खाटा मोजक्या आहेत. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक अर्थसाहाय्य हवे तर १५ वर्षांचे वास्तव्य लागते, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाला ५ वर्षांचे. म्हणजे साठाव्या वर्षी पलीकडे घर घेतलेल्या माणसाला पहिली मदत पासष्टीला आणि दुसरी पंच्याहत्तरीला. मधल्या काळात तो दोन्हीकडचा पाहुणा. इकडच्या रेशनकार्डावरून नाव कमी केलेले, तिकडच्या यादीत अजून न चढलेले.

म्हणून मला जो प्रश्न विचारला जातो त्याला मी आता असे उत्तर देतो. कर किती वाचेल हे कागदावर मांडा, पण त्या शेजारी दुसरा रकाना करा. रात्री दोन वाजता छातीत दुखले तर कोणते सरकार तुम्हाला आपले म्हणेल? कोणत्या यादीत तुमचे नाव आहे? शेजारी गाडी काढेल का? तुमच्या पश्चात पत्नीला त्या घरात कोणत्या कायद्याने राहता येईल? या शेवटच्या प्रश्नात, सांगायला हवे, गोव्याचा नागरी कायदा आपल्या पुढे आहे. बायकोचा अर्धा वाटा तिथे कायद्यातच धरलेला आहे. तिथे लग्न केलेल्या आमच्या मुलींना त्याचा आधार आहे, आणि आपल्याकडच्या स्त्रियांनी तो मागायला हवा.

मोपाचा विमानतळ २०२३ पासून चालू झाल्यावर नदीच्या दोन्ही काठांवर जमिनीचे भाव चढले. बाहेरून येणारी माणसे आता समुद्र, हवा आणि कर पाहून घर घेतात. त्यांना अडवण्याचे कारण नाही. चाकरमानीही एके काळी मुंबईत बाहेरचाच होता. पण जे गाव निवडायचे त्याची घरपट्टी वेळेवर भरावी, ग्रामसभेला जाऊन बसावे, आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही हे विचारावे. संस्थान, इंग्रज आणि पोर्तुगीज या तीन राजवटींत आमच्या लोकांनी मीठ, जकात, अबकारी असे सगळे भरले, आणि बदल्यात काय मिळाले हे विचारण्याची सोय त्यांना नव्हती. आपल्याला ती आहे. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो, वाचलेले असते, कचेरीची भाषा ठाऊक असते. कर चुकवण्याची जागा शोधण्यापेक्षा, घेतलेल्या कराचा हिशेब मागण्यात तो वेळ गेला तर पुढच्या पिढीला दुखण्यासाठी नदी ओलांडावी लागणार नाही.